कलम अकरा

तात्यांनी दोन कागद बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर एकेक बोट टेकवलं आणि बोटं एकाच वेळी खाली सरकवत नेली.

"बँकेतली उंच," ते म्हणाले. "इकडेही बँकेतली उंच. फाटकाशेजारची आजी. इकडेही फाटकाशेजारची आजी. घोगऱ्या आवाजाची धाकटी. आता हे नाव दोन डोक्यांतून निघेल का, बाई?"

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"किती ओळी जुळतात?"

"एकशे त्रेचाळीस. सगळ्याच. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

तात्या प्रयोगशाळेचे सहायक. नव्वद जणांचे गृहपाठ संगणकात घालून कुणाचं कुणाशी जुळतं ते काढून आणणं हे त्यांचं दर पंधरवड्याचं काम, आणि काही सापडलं की त्यांच्या चालीत थोडा उत्साह यायचा. आज तो जरा जास्तच होता.

"सुतावरून स्वर्ग गाठू नका," बाई म्हणाल्या. "ठेवून जा."

डेटाबेसच्या अभ्यासक्रमाचा तिसरा गृहपाठ होता तो. खऱ्या जगातली कुठलीही नोंद घ्यायची, निदान शंभर ओळींची, तिचे नीट तक्ते मांडायचे, आणि त्या तक्त्यांना दहा प्रश्न विचारून उत्तरं काढायची. कुणी क्रिकेटचे आकडे घेतले होते, कुणी वसतिगृहाच्या वाचनालयातली पुस्तकं. या दोघांनी घेतली होती मापं. कुण्या शिंप्याकडची असावीत. खांदा, छाती, कंबर, बाही, उंची, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. 'डावा खांदा अर्धा इंच खाली.' 'गळा बंद हवा, सासू बघणार आहे.' 'पोटाशी सैल. विचारू नये.'

बाई तिथे थांबल्या. 'विचारू नये' दोन्ही कागदांवर होतं.

अभ्यासक्रमाची नियमावली चार पानांची होती, एकोणीस कलमांची. पहिल्या तासाला बाई ती मोठ्यानं वाचत, प्रत्येकाची सही घेत, आणि मगच खडूला हात लावत. मुलं त्यांच्यामागे त्यांना कलमबाई म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. प्रत्येक कलमामागे कुणीतरी होतं. मुदत संपल्यावर एक मिनिटही मिळणार नाही, हे चौथं कलम एका मुलामुळे आलं होतं, ज्याच्या एका सत्रात तीन आज्या वारल्या होत्या. गृहपाठावर नाव नको, फक्त क्रमांक हवा, हे नववं कलम मात्र बाईंनी स्वतःच्याच मनावर पहारा म्हणून बसवलं होतं.

आणि अकरावं. गृहपाठ ज्याचा त्यानं करायचा. वर्गात, घरी, वाटेत, फोनवर, कुठेही त्याविषयी दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलणं म्हणजे नक्कल. दोघांनाही शून्य, विभागाला पत्र, आणि नाव अभ्यासक्रमातून कमी.

बारा वर्षांपूर्वी हे कलम नव्हतं. तेव्हा असेच दोन गृहपाठ जुळले होते. दोन मित्र समोर उभे होते. एक ढसाढसा रडला, दुसरा नुसता भिंतीकडे बघत राहिला. बाईंनी रडणाऱ्यावर विश्वास ठेवला. खरं बाहेर आलं तेव्हा भिंतीकडे बघणारा मुलगा कॉलेज सोडून गेला होता, आणि बाईंनी दोन पत्रं पाठवूनही परत आला नाही. तेव्हापासून त्या चेहरे बघत नसत, कागद बघत.

म्हणून त्यांनी कागदच बघायला घेतले. तात्या गेल्यावर दार लोटलं आणि दोन्ही गृहपाठ पहिल्या ओळीपासून वाचले.

सतरा क्रमांकाच्या विद्यार्थ्यानं चार तक्ते केले होते. गिऱ्हाईक वेगळं, माप वेगळं, आणि प्रत्येक मापाला तारीख, कारण माणसाचं अंग बदलत जातं. त्यामुळे बँकेतल्या उंच बाईची कंबर सात वर्षांत कशी वाढली, मग एका वर्षी एकदम कशी उतरली, हे एका प्रश्नात दिसत होतं. मांडणी सुबक होती. वर्गात शिकवलेलं सगळं जिथल्या तिथे.

एकोणनव्वद क्रमांकाचा प्रकार निराळाच. त्यानं दोन लांबलचक तक्ते केले होते, आणि गिऱ्हाइकांना चक्क कप्पे दिले होते. क-तीन-बारा, क-तीन-तेरा. गिऱ्हाईक शेवटचं कधी येऊन गेलं त्याच्या रकान्याला नाव होतं 'शेवटची आवक'. सतरा क्रमांकानं 'खांदा' लिहिलं होतं तिथे यानं सगळीकडे 'खंदा' लिहिलं होतं. आणि त्याच्याकडे एक ओळ जास्त होती, तात्यांच्या बोटाखालून निसटलेली. एकशे चव्वेचाळिसावी. नावाच्या जागी 'ती स्वतः'. पुढे सगळे रकाने रिकामे.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नक्कल करणारे पुष्कळ पाहिले होते. नक्कल करणारा मांडणी उचलतो आणि नावं बदलतो. इथे मांडणीचा मांडणीशी काडीचा संबंध नव्हता, आणि नावं मात्र तीच.

नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं बोलवायचं होतं. त्यांनी तात्यांना क्रमांक दिले आणि पहिल्यांदा सतराला बोलावणं धाडलं.

आली ती दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. वर्गात फार बोलत नसे, पण बाईंनी फळ्यावर मुद्दाम चूक केली की सगळ्यांत आधी तिचं पेन थांबायचं. बसायला सांगितलं तरी ती अर्धवटच टेकली.

"ही माहिती कुठून घेतलीस?"

"माझीच आहे, मॅडम."

"तुझी म्हणजे? तू शिवतेस?"

"आई शिवायची." तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. "तिची वही आहे. गिऱ्हाइकांची नावं ती अशीच लिहायची. खरी नावं लिहिली तर वही कुणाच्या हाती पडली की गावभर मापं होतील, म्हणायची."

"आता नाही शिवत?"

"दीड वर्ष झालं तिला जाऊन."

बाईंनी क्षणभर समोरच्या कागदांची टोकं जुळवली.

"स्रोताच्या जागी तू 'स्वतः गोळा केलेली माहिती' लिहिलं आहेस."

"वहीचं लिहायला नको वाटलं."

"अगं, अगदी हीच माहिती आणखी एका विद्यार्थ्यानं दिली आहे. ओळीन् ओळ."

मुलीचा चेहरा एकदम उतरला, पण तो पकडलं गेलेल्या माणसाचा नव्हता. घरात कुणी शिरून गेलंय असं ऐकल्यासारखा होता. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि आपण चेहरा बघतोय हेही लक्षात आलं.

"वही मशीनच्या खणात असते," ती म्हणाली. "मी कॉलेजातही आणली नाही कधी. संध्याकाळी काढते, उतरवून घेते, परत ठेवते. घरी कुणी येत नाही, मॅडम. मी आणि बाबा, दोघंच." ती थांबली. "बाबा तर मशीनच्या वाटेलाही जात नाहीत."

मग तिनं हळूच विचारलं, "तो नंबर एकोणनव्वद आहे का?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. नियमात बसत नव्हतं.

"बाहेर बस," त्या म्हणाल्या. "लांबच्या बाकावर. कुणाशी बोलू नकोस."

एकोणनव्वद म्हणजे शेवटच्या बाकावरचे गृहस्थ. नोकरी करणाऱ्यांसाठी वर्गात पाच जागा होत्या, त्यांतल्या एकीवर आलेले. बसडेपोच्या सुट्या भागांच्या कोठारात भांडारपाल होते. वय पन्नाशीच्या पुढचं. वर्ग संपला की फळा पुसून जायचे, कुणी सांगितलेलं नसताना. ते आत आले, दाराशी चपला काढू लागले आणि इथे काढायच्या नसतात हे आठवून पुन्हा घातल्या.

बाईंनी तोच प्रश्न विचारला.

"बायकोची वही आहे, मॅडम," ते म्हणाले. "आमच्या कोठारात असल्या नोंदी जन्मभर केल्या, पण हिनं जसं लिहून ठेवलंय तसं आम्हाला जमलं नसतं. माणूस डोळ्यासमोर उभा राहतो."

"स्रोत का लिहिला नाही?"

"लिहायला घेतलं होतं. पण तिथे 'मालकाची परवानगी आहे का' असा रकाना आहे." ते जरा ओशाळून हसले. "काय लिहिणार?"

बाईंनी तो रकाना स्वतःच बनवला होता. कलम चौदा.

"हीच माहिती तुमच्या मुलीनंही दिली आहे."

गृहस्थांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"वही काढली तिनं?"

"हो."

"मला वाटलं होतं ती बघतसुद्धा नाही तिकडे." ते मान हलवत राहिले. "मशीनवरच्या कव्हराची गाठ रोज वेगळी दिसायची. म्हटलं, आपलीच गाठ मारायची पद्धत बिघडली. मी वर्गावरून घरी जातो तेव्हा ती कॉलेजात, ती घरी येते तेव्हा मी ड्यूटीवर. सुट्टीच्या दिवशी दोघंही मशीनकडे पाठ करून जेवतो."

"मुलगी याच वर्गात आहे हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"तिच्या मैत्रिणी असतात. मागच्या बाकावर बाप बसलाय म्हटल्यावर तिला हसायचीही चोरी. आमच्या आडनावाचे पाच जण आहेत वर्गात, खपून गेलं."

बाईंना विचारायचं नव्हतं, पण विचारून गेल्या. "मग हाच अभ्यासक्रम का घेतलात? डेपोला गरज होती?"

"डेपोला कसली गरज. तिथे अजून खतावणीच चालते." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "ही गेल्यावर घर खायला उठायचं, मॅडम. बोलणारी तीच होती, आम्ही दोघं ऐकणारे. पोरीला काय विचारावं तेच कळेना. जेवलीस का, झालं, संपलं. म्हटलं, ती शिकते ते आपणही शिकावं. निदान तेवढं तरी बोलता येईल."

"मग?"

"पहिल्याच तासाला तुम्ही अकरावं कलम वाचलंत." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. कोठारात अमुक नटबोल्ट शिल्लक नाहीत हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "दोघांनी सही केली. सही केल्यावर काय."

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. त्याची पावलं पार तळापर्यंत ऐकू आली. बाईंनी एकोणनव्वद क्रमांकाचा कागद पुढे ओढला, खरं तर नुसतं कुठेतरी बघायला म्हणून. पाचव्या प्रश्नावर त्यांचं बोट पडलं. 'शिवून तयार, पण नेले नाही असे कपडे कुणाचे?' उत्तरात तीन नावं होती.

"या तिघांचे कपडे—"

"दाराच्या मागे टांगलेले होते. दीड वर्ष. मला वाटायचं हिचेच आहेत, म्हणून हात लावला नव्हता. तो प्रश्न विचारला तेव्हा समजलं." ते म्हणाले. "पोचवून आलो. फाटकाशेजारची आजी आता दुसरीकडे राहते, शोधावी लागली. तिनं ब्लाउज तिथल्या तिथे अंगात घालून दाखवला."

बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडून मुलीला आत बोलावलं.

ती आली आणि बापापासून एक खुर्ची सोडून बसली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. वर्गात त्यांना तशी सवयच झाली होती.

"मी दोन्ही गृहपाठ पाहिले," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज वर्गातलाच ठेवला, कारण दुसरा कुठला आवाज काढला असता तर तो फार टिकला नसता. "मांडणी स्वतंत्र आहे. प्रश्न स्वतंत्र आहेत. एकाच वहीतून दोघांनी उतरवून घेतलं म्हणजे नक्कल होत नाही. स्रोत लपवला हे मात्र चूक आहे. कलम चौदा. दोघांचेही दोन दोन गुण जातील."

"जाऊ देत," गृहस्थ म्हणाले.

"जाऊ देत काय? जातीलच."

मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिथेच थांबलं.

"आणि तुमचे," बाईंनी कागद त्यांच्याकडे वळवला, "आणखी एक गुण जाऊ शकतो. खांदा तुम्ही सगळीकडे खंदा लिहिला आहे."

"तिनं तसंच लिहिलंय वहीत."

"तिनं लिहिलं म्हणून—"

"मी दुरुस्त केलं होतं," मुलगी मध्येच म्हणाली. तिनं पहिल्यांदा बापाकडे पाहिलं. "मला नको होतं करायला, पण तक्ता चुकीचा दिसायला लागला."

"बरोबर केलंस तू," तो म्हणाला. "तिलाही ठाऊक होतं चुकतंय ते. हट्टी होती."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, खंदाभोवती घालायचं लाल वर्तुळ घातलं नाही, आणि टोपण परत लावलं.

"शेवटची एक शंका. एकशे चव्वेचाळिसावी ओळ. नाव आहे आणि बाकी सगळं रिकामं. शंभर ओळी भरल्या होत्या, मग ही कशाला? रिकामी ओळ ठेवायचं कारण लागतं."

गृहस्थांनी घसा साफ केला. "तिचं माप वहीत नाहीये. मी सगळी वही पालथी घातली. गल्लीतल्या प्रत्येकीचं आहे, फक्त हिचं नाही. शिवणारीचं माप कोण लिहून ठेवणार म्हणा. पण तिच्याच वहीत ती नाही, हे बरं दिसेना. म्हणून नाव तेवढं घातलं. पुढचं मला माहीत नाही." आणि मग, जरा वेळानं, "सत्तावीस वर्षं एका घरात राहिलो, पण बाहीची लांबी सांगता येईना."



"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली.

बाप तिच्याकडे वळला.

"टेप मीच धरायचे. पाठीमागून तिचा हात पोचायचा नाही ना. ती आरशासमोर उभी राहायची आणि मी वाचून दाखवायचे. लिहायची नाही, तोंडपाठ होतं म्हणून." ती बोलता बोलता थांबली, कारण समोर बाई बसल्या होत्या आणि भिंतीवर नियमावलीची चार पानं टाचलेली होती. "सॉरी, मॅडम. त्यांचा गृहपाठ आहे तो."

गृहस्थांनीही लगेच मान खाली घातली. सही केली होती.

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते.

"गृहपाठात दुरुस्ती करायची मुदत तपासणीच्या दिवशी पाचपर्यंत असते," त्या म्हणाल्या. "आज कुणी केलेली दिसत नाही." त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून हलवून पाहिली. ती अर्धी भरलेली होती. "मी पाणी भरून आणते. नळ त्या टोकाला आहे, वेळ लागतो."

त्यांनी स्वतःचा संगणक गृहस्थांच्या दिशेला फिरवला, एकोणनव्वद क्रमांकाचा तक्ता उघडून दिला आणि बाहेर पडून दार पूर्ण लावून घेतलं.

व्हरांड्याच्या टोकाला नळाशी तात्या कप विसळत उभे होते.

"मग? अहवालात काय लिहू?"

"स्रोत एकच, काम स्वतंत्र. नक्कल नाही."

"दोघांचं म्हणणं काय?"

"लिहा तेवढंच, तात्या."

तात्यांनी कप उपडा घातला आणि बाईंच्या बंद दाराकडे बघितलं. दारापलीकडून मुलीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण एक आकडा ती सांगत होती, तोच आकडा एक जाड आवाज परत म्हणत होता, आणि मग ती पुढचा सांगत होती. मधेच कुठेतरी आकडे थांबले. ती काहीतरी लांबलचक सांगू लागली आणि जाडा आवाज हसला.

"आत कोण आहे?" तात्यांनी विचारलं.

"तेच दोघं."

"काय करतायत?"

"गृहपाठ."

"एकत्र?"

बाटली काठोकाठ भरली होती. बाईंनी ती नळाखालून काढली, दाराकडे एकदा बघितलं, सगळं पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं आणि पुन्हा नळ सुरू केला.

"हो," त्या म्हणाल्या.